ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल: क्रोनोग्राफ म्हणून ते कसे उतरते

क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवण्याबरोबरच बटण दाबून हवा तो कालावधी मोजता येणारी घड्याळे, बहुतेक लोक त्यांच्या रूपावर भाळून घेतात आणि त्यांची परीक्षणेही बहुधा केसची (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची) झळाळी, पट्ट्याचा रंग आणि कंपनीचा लौकिक यांभोवतीच घुटमळतात. तबकडीवरच्या छोट्या वर्तुळांत नेमके काय वाचायचे, कडेवर कोरलेले आकडे कशासाठी आहेत आणि बाजूचे बटण दाबले की आत काय घडते, याविषयी त्यांत फारसे काही हाती लागत नाही. ओमेगाच्या स्पीडमास्टर प्रोफेशनलविषयी लिहिताना मला हीच बाजू आधी पाहायची आहे. क्रोनोग्राफ हे मुळात मोजमापाचे उपकरण आहे. म्हणून ते मोजते कसे, वाचायला किती सोपे आहे आणि न पाहता हाताळता येते की नाही, यांवरच त्याची पारख व्हावी असे मला मनापासून वाटते. स्पीडमास्टर या कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरते. जेथे ते कमी पडते तेथे त्याची कारणेही स्पष्ट दिसतात.

माझ्या वापरात आहे ती २०२१ साली आलेली आवृत्ती: ४२ मिलिमीटर व्यासाची पोलादी केस, काळी तबकडी, हेसलाइट या पारदर्शक प्लास्टिकची फुगीर काच आणि आत हाताने चावी द्यावी लागणारे कॅलिबर ३८६१ हे यंत्र. रोजचा सेकंद काटा मध्यभागी नसून ९ च्या बाजूच्या छोट्या वर्तुळात फिरतो. मधोमध दिसणारा लांब पांढरा काटा केवळ मोजणीसाठी राखलेला आहे. एरवी तो १२ वर स्तब्ध उभा असतो आणि त्यामुळेच नवख्या माणसाला घड्याळ बंद पडले आहे असे वाटते. ३ च्या बाजूचे वर्तुळ मोजणीची मिनिटे ३० पर्यंत दाखवते आणि ६ च्या बाजूचे वर्तुळ तास १२ पर्यंत. तारीख नाही, आणि ती नाही हे चांगलेच आहे. तारखेची खिडकी आली की एखाद्या वर्तुळाचा लचका तोडावा लागतो आणि नजरेला नको तो अडथळा होतो.

ही मांडणी एका दिवसात सुचलेली नाही. कालमापनाची वाटचाल पाहिली की या घड्याळातला प्रत्येक भाग कोणत्या अडचणीतून आला ते उलगडते, आणि ती वाटचाल माहीत असलेला माणूस घड्याळ निराळ्या समजुतीने वापरतो. आज ज्ञात असलेला सर्वांत जुना क्रोनोग्राफ लुई म्वाने या फ्रेंच कारागिराने १८१६ साली पुरा केला. त्याला घोड्यांच्या शर्यती मोजायच्या नव्हत्या. ताऱ्यांचे वेध घेताना दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून तारा सरकण्याचा कालावधी टिपायचा होता. त्याचे यंत्र तासाला २,१६,००० ठोके देत असे, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग मोजत असे. त्या काळाच्या मानाने हा वेग थक्क करणारा आहे. हे उपकरण २०१३ पर्यंत जगापुढे आलेच नव्हते, त्यामुळे तोवर पहिलेपणाचा मान निकोला रियुसेक याच्याकडे होता. रियुसेकने १८२१ मध्ये पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीत आपले यंत्र वापरले. त्याची तबकडी फिरत असे आणि घोडा सीमारेषा ओलांडताच तिच्यावर शाईचा ठिपका पडत असे. अनेक घोड्यांच्या वेळा एकाच तबकडीवर उमटवण्याची ही युक्ती नामी होती, पण पुढची शर्यत मोजण्याआधी शाई पुसावी लागे.

खरी मेख होती ती काटा पुन्हा शून्यावर आणण्याची. अडॉल्फ निकोल याने १८४४ मध्ये पेटंट घेतलेला तोडगा इतका चपखल आहे की यांत्रिक क्रोनोग्राफ आजही त्यावरच चालतो. मोजणीच्या काट्याच्या दांड्यावर हृदयाच्या आकाराची एक चकती बसवलेली असते. शून्यावर आणण्याचे बटण दाबले की एक छोटा हातोडा त्या चकतीच्या कडेवर येऊन आदळतो. काटा त्या वेळी कोठेही असो, हातोड्याच्या दाबाने चकती जवळच्या बाजूने घसरत जाते आणि केंद्राला सर्वांत जवळ असलेल्या खोबणीत हातोडा स्थिरावतो. तेथे काटा नेमका १२ वर असतो. स्पीडमास्टरचे खालचे बटण दाबल्यावर लांब काटा, मिनिटांचा काटा आणि तासांचा काटा हे तिघेही एकाच क्षणी आपापल्या जागी झेप घेतात, ते याच रचनेमुळे. जवळचा मार्ग निवडला जात असल्याने काटा कधी उलटा येतो, तर कधी सुलटा. २५ सेकंदांवर थांबवून शून्यावर आणला तर तो मागे फिरतो आणि ४० वर थांबवला तर पुढे जातो. यंत्राचे हे शहाणपण मला अजूनही पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोनोग्राफ खिशातून मनगटावर आला. लाँजीनने १९१३ मध्ये खास मनगटी घड्याळासाठी क्रोनोग्राफ यंत्र बनवले. तोवर सुरू करणे, थांबवणे आणि शून्यावर आणणे ही तिन्ही कामे एकच बटण क्रमाने करत असे, आणि ते बहुधा चावीच्या खुंटीतच बसवलेले असे. ब्राइटलिंगने १९१५ मध्ये ते बटण खुंटीपासून वेगळे करून २ च्या बाजूला आणले आणि १९३४ मध्ये शून्यावर आणण्यासाठी दुसरे बटण दिले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण वापराच्या दृष्टीने मला तो फार मोलाचा वाटतो. एकाच बटणाच्या घड्याळात मोजणी थांबवली की पुढची दाब तिला शून्यावरच नेते, मध्ये खंड पडलेल्या कामाचा एकूण वेळ मोजता येत नाही. दोन बटणे असली की मोजणी थांबवता येते आणि जेथे थांबली तेथून पुन्हा सुरूही करता येते. खेळातील विश्रांती, भाषणातील व्यत्यय किंवा मध्येच आलेला दूरध्वनी वगळून प्रत्यक्ष कामाचा वेळ काढायचा असेल, तर ही सोय अपरिहार्य आहे.

१९५७ साली पहिला स्पीडमास्टर आला तेव्हा अंतराळ कोणाच्याही मनात नव्हते. तो मोटारशर्यती, कारखाने आणि अभियंते यांच्यासाठी होता. वेग काढण्याची टॅकिमीटर पट्टी त्यापूर्वी तबकडीवर छापली जात असे. ओमेगाने ती उचलून बाहेरच्या कड्यावर नेली आणि तबकडी मोकळी केली. स्पीडमास्टरच्या सुवाच्यतेचे मूळ याच निर्णयात आहे. आतले कॅलिबर ३२१ हे यंत्र त्याहून जुने होते; लेमानिया कंपनीत आल्बेर पिगे याने १९४२ मध्ये सिद्ध केलेल्या रचनेवर ते आधारलेले होते. वॉली शिरा या अंतराळवीराने १९६२ मध्ये स्वतःचा स्पीडमास्टर सिग्मा ७ यानातून नेला. नासाने पुढे रीतसर चाचण्या घेऊन १ मार्च १९६५ रोजी हे घड्याळ मानवी अंतराळ मोहिमांसाठी पात्र ठरवले. त्या चाचण्यांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. घड्याळ ७१ अंश सेल्सिअस तापमानात ४८ तास आणि लगोलग ९३ अंशांत अर्धा तास ठेवले गेले. त्यानंतर उणे १८ अंशांची थंडी, ९५ टक्के आर्द्रता, जवळजवळ निर्वात पोकळी, शुद्ध ऑक्सिजनचे वातावरण, वेगवेगळ्या दिशांनी ४० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४० पट) इतके धक्के, कंपने आणि १३० डेसिबलचा आवाज. तुलनेसाठी घेतलेली इतर कंपन्यांची घड्याळे यात मागे पडली. विशेष म्हणजे हे घड्याळ या परीक्षेसाठी मुद्दाम घडवलेले नव्हते, दुकानात कोणालाही मिळणारे होते.

जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन हे घड्याळ घालून चंद्रावर उतरला. नील आर्मस्ट्राँगने आपले घड्याळ चांद्रयानात ठेवले होते, कारण यानातील विजेवर चालणारा कालमापक बंद पडला होता आणि त्याच्या जागी मनगटी घड्याळाने काम भागवायचे होते. मला मात्र त्याहून अधिक भिडतो तो एप्रिल १९७० मधील अपोलो १३ चा प्रसंग. ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाल्यावर वीज वाचवण्यासाठी यानातील बहुतेक यंत्रणा बंद केलेल्या होत्या. परतीच्या मार्गात दुरुस्ती करण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवणे भाग होते. जिम लव्हेल आणि फ्रेड हेज यान स्थिर धरत होते आणि जॅक स्विगर्ट आपल्या स्पीडमास्टरवर ते १४ सेकंद मोजत होता. मनगटावरील क्रोनोग्राफवर जीव अवलंबून असल्याचा याहून स्वच्छ दाखला नाही. कीर्तीबरोबर दुसरी बाजूही नोंदवायला हवी: १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉटच्या घड्याळाची काच चंद्राच्या पृष्ठभागावर असताना निखळली आणि शेवटच्या चांद्रफेरीत त्याने बरोबर नेलेले बुलोव्हाचे घड्याळ वापरले. हे घड्याळ अभेद्य आहे असा समज करून घेऊ नये.

आता प्रत्यक्ष हाताळणीकडे येतो. सकाळी चावी देणे हा या घड्याळाचा अटळ भाग आहे. पूर्ण चावी दिल्यावर ते सुमारे ५० तास चालते, त्यामुळे एखाद्या दिवशी विसर पडला तरी बंद पडत नाही. मात्र ठरावीक वेळी चावी देण्याची सवय असलेली बरी, कारण स्प्रिंग भरलेली असताना यंत्राची चाल अधिक एकसारखी राहते. चावीची खुंटी लहान आहे आणि केसच्या फुगवट्यात अर्धवट दडलेली आहे. मोठ्या बोटांच्या माणसाला ती चिमटीत धरताना थोडे कष्ट पडतात. अखेरीस स्प्रिंग भरत आली की बोटांना स्पष्ट विरोध जाणवतो आणि तेथे थांबायचे असते, जोर लावायचा नसतो.

वरचे बटण दाबताना आधी किंचित ढिलाई, मग वाढता दाब आणि मग एकदम सुटल्यासारखा टक्क असा आवाज येतो. हा दाब सुरुवातीला कडक वाटतो. क्रोनोग्राफ सुरू आणि बंद करण्याची आज्ञा देणारे दोन प्रकार प्रचलित आहेत: एकात खांबासारखे दाते असलेले चक्र असते, तर दुसऱ्यात उंचसखल कडेची एक चकती पुढेमागे सरकते. जुन्या ३२१ मध्ये पहिला प्रकार होता. १९६८ मध्ये कॅलिबर ८६१ आले तेव्हा ओमेगाने दुसरा स्वीकारला, आणि ३८६१ ने तोच पुढे चालवला. खांबचक्राचे बटण लोण्यासारखे मऊ चालते असे जाणकार म्हणतात, आणि दोन्ही हाताळून पाहिल्यावर ते मान्य करावे लागते. परंतु मोजणीसाठी कडक बटणाचा एक फायदा आहे. ते चुकून दाबले जात नाही आणि मोजणी नेमकी कोणत्या क्षणी सुरू झाली हे बोटाला कळते. नजर धावपटूवर किंवा प्रयोगाच्या नळीवर असताना घड्याळाकडे पाहता येत नाही, तेव्हा बोटाचीच साक्ष कामी येते. मोजणी चालू असताना खालचे बटण अडवलेले असते, ही सुरक्षितताही आवश्यक आहे. अन्यथा घाईत चुकीचे बटण दाबले की हाती आलेला वेळ पुसला जाईल.

मोजणी सुरू होताना लांब काटा कधी कधी किंचित थरथरतो किंवा अर्ध्या घराची उडी घेतो. या यंत्रात मोजणीचे चक्र चालत्या चक्राशी बाजूने येऊन जुळते. दाते एकमेकांत बसताना जर दात्यावर दाता आला, तर काटा थोडा ढकलला जातो. हा बिघाड नव्हे. १९६९ मध्ये सायकोने आपल्या ६१३९ या स्वयंचलित यंत्रात चक्रे वरून खाली दाबून जुळवणारा उभा क्लच वापरला, आणि त्यात ही उडी नाहीशी होते. ज्यांना आरंभीची ती उडी खटकते त्यांनी उभ्या क्लचचे घड्याळ घ्यावे, हा माझा प्रामाणिक सल्ला आहे. ते १९६९ वर्ष क्रोनोग्राफच्या इतिहासात फार गजबजलेले होते: जानेवारीत झेनिथने एल प्रिमेरो हे स्वयंचलित यंत्र जाहीर केले, मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिबर ११ पुढे आणले, आणि त्याच वर्षी सायकोचे यंत्रही बाजारात आले. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारा क्रोनोग्राफ तोवर नव्हता. स्पीडमास्टर प्रोफेशनलने मात्र हाताची चावी सोडली नाही, आणि त्यामुळेच यंत्र आटोपशीर राहिले.

सूक्ष्मतेविषयी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. कॅलिबर ३८६१ तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ६. साहजिकच मोजणीचा काटा सेकंदाच्या सहाव्या भागाच्या पावलांनी पुढे सरकतो. जुन्या ३२१ चे ठोके तासाला १८,००० होते आणि सेकंदाचे पाच भाग केलेली तबकडी त्याला शोभत होती. ८६१ आल्यावर ठोके वाढले, पण तबकडीवरचे पाच भाग तसेच राहिले. त्यामुळे काटा खुणांवर नेमका थांबत नसे. २०२१ च्या आवृत्तीत ओमेगाने सेकंदाचे तीन भाग केले आणि दोन ठोक्यांत एक खूण असा मेळ बसवला. काचेजवळ डोळा नेऊन पाहिले तर काटा एकतर खुणेवर किंवा दोन खुणांच्या बरोबर मध्ये थांबतो. अशा दुरुस्तीची जाहिरात होत नाही, पण मोजणाऱ्या माणसाला तिचे महत्त्व कळते. एल प्रिमेरो तासाला ३६,००० ठोक्यांमुळे सेकंदाचा दहावा भाग दाखवते आणि या एका बाबतीत ते सरस आहे. बोटाने बटण दाबण्यातच सेकंदाचा काही अंश जातो, हे लक्षात घेता रोजच्या वापरात हा फरक जाणवत नाही.

टॅकिमीटर पट्टीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. तिचे गणित सोपे आहे: ३,६०० ला सेकंदांनी भागले की पट्टीवरचा आकडा मिळतो. एक किलोमीटर अंतर पार करायला ४० सेकंद लागले तर काट्यासमोर ९० येते, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. रेल्वेच्या खिडकीतून किलोमीटरचे दोन खांब पाहून वेग काढण्यासाठी यापेक्षा सुटसुटीत साधन नाही. अंतर ५०० मीटर असेल तर आकडा निम्मा करावा, १०० मीटर असेल तर दहाने भागावे. मोटारीत वेगमापक असतो म्हणून ही पट्टी निरर्थक ठरली असे म्हटले जाते, पण तिला किलोमीटरशी काही देणेघेणे नाही. कोणत्याही कामाचा ताशी दर ती सांगते. एक नग बनवायला ४५ सेकंद लागत असतील, तर पट्टी ८० दाखवते, आणि तासाला ८० नग होतील हे आकडेमोड न करता समजते. एक पान तपासायला किंवा एक अर्ज नोंदवायला लागणारा वेळ मोजून दिवसभराच्या कामाचा अदमास घेण्यासाठी मी तिचा वारंवार उपयोग करतो.

नाडी मोजण्यासाठी डॉक्टरांच्या जुन्या क्रोनोग्राफवर वेगळी पट्टी असे: १५ किंवा ३० ठोके मोजून बटण थांबवले की मिनिटाचा दर समोर येई. स्पीडमास्टरवर ती नाही, पण टॅकिमीटरकडूनच हे काम करून घेता येते. मोजणी सुरू करून नाडीचे ३० ठोके मोजावेत, बटण थांबवावे आणि काट्यासमोरचा आकडा निम्मा करावा. ३० ठोक्यांना २५ सेकंद लागले तर काट्यासमोर १४४ येईल आणि नाडी मिनिटाला ७२ असेल. तोफखान्यातील अधिकारी वापरत असलेली टेलिमीटर पट्टी ध्वनीच्या वेगावर बेतलेली असे. तोफेची झळक दिसली की मोजणी सुरू करायची आणि आवाज आला की थांबवायची, म्हणजे अंतर कळते. विजेच्या बाबतीत हाच हिशोब पट्टीशिवायही जमतो. २० अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून सेकंदांना ३ ने भागले की किलोमीटर मिळतात. लागोपाठच्या कडकडाटांत हा आकडा घटत असेल तर वादळ जवळ येत आहे असे समजावे, आणि मोकळ्या मैदानात असल्यास आसरा गाठावा.

माझ्या मते टॅकिमीटरची मोठी मर्यादा अशी की ६० सेकंदांपुढे तिचा उपयोग संपतो आणि अगदी थोड्या सेकंदांत तिचे आकडे इतके दाटतात की वाचणे कठीण होते. रोजच्या जीवनात मात्र बहुतेक मोजणी मिनिटांची असते: व्यायामातील विश्रांती, वर्गातील चाचणी, सभेतील भाषण, गाडी उभी करण्याची मुदत. या सर्वांसाठी ३० मिनिटांचे छोटे वर्तुळ वाचावे लागते आणि येथे स्पीडमास्टर थोडे कमी पडते. दिवसा ते वर्तुळ स्वच्छ दिसते, पण त्याच्या काट्यावर अंधारात चमकणारा लेप नाही. रात्री तास आणि मिनिट काटे दिसतात, मोजणीची गेलेली मिनिटे मात्र दिसत नाहीत. मोजमापाच्या उपकरणात ही उणीव मला खुपते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: अर्ध्या तासापुढची मोजणी वाचताना तासाच्या वर्तुळातला काटा दोन आकड्यांच्या मध्यापुढे गेला आहे की नाही हे पाहावे लागते, नाहीतर १२ मिनिटे आणि ४२ मिनिटे यांत गफलत होते.

दुसरी उणीव पाण्याची. जलरोधकता ५० मीटरची सांगितलेली असली, तरी बटणे आट्यांनी आवळायची नाहीत. हात धुताना किंवा पावसात काळजीचे कारण नाही, पण हे पोहण्याचे घड्याळ नव्हे आणि पाण्याखाली बटण तर मुळीच दाबू नये. तलावातील फेऱ्या मोजायच्या असतील तर निराळे साधन हवे. पोलादी पट्टा २० मिलिमीटरपासून १५ पर्यंत निमुळता होत जातो आणि मनगटावर छान बसतो. त्याची कडी मात्र हवी तितकी सैल किंवा घट्ट करण्यास पुरेशी मोकळीक देत नाही. उन्हाळ्यात मनगट थोडे सुजते तेव्हा हे जाणवते.

अचूकतेला नावे ठेवायला जागा नाही. ३८६१ ला स्वित्झर्लंडच्या मेटास या मापनशास्त्र संस्थेचे प्रमाणपत्र आहे, त्यानुसार दिवसाचा फरक ० ते अधिक ५ सेकंद इतकाच चालतो, आणि १५,००० गॉस तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र ते सहन करते. ध्वनिक्षेपक, संगणक आणि दूरध्वनीचे चुंबक सदैव आसपास असण्याच्या आजच्या काळात ही गोष्ट अंतराळाच्या चाचण्यांपेक्षा जास्त उपयोगाची आहे. खुंटी बाहेर ओढली की सेकंद काटा आता थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदाबरहुकूम लावता येते. आधीच्या कॅलिबर १८६१ या यंत्रात ही सोय नव्हती.

केवळ मोजणी हवी असेल, तर क्वार्ट्झ क्रोनोग्राफ किंवा साधे डिजिटल घड्याळ जास्त सूक्ष्म, जास्त टिकाऊ आणि कितीतरी स्वस्त आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. शर्यतींची अधिकृत नोंद तर केव्हाच इलेक्ट्रॉनिक उपकरणांकडे गेली आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ओमेगाच्या हातात धरायच्या ३० स्टॉपवॉचनी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळा नोंदवल्या, तो जमाना मागे पडला. तरीही दूरध्वनीवर मोजणी सुरू करायची तर तो काढा, उघडा, योग्य जागी बोट टेकवा, आणि तोवर मोजायचा क्षण निघून गेलेला असतो. मनगटावरचे बटण अंगठ्याला अंधारातही सापडते. हातमोजे घातलेले असोत, बोटे ओली असोत, त्याला फरक पडत नाही. स्पीडमास्टर ज्यांना परवडते आणि जे खरोखर काही ना काही मोजतात, त्यांच्यासाठी मी ते निःसंकोचपणे सुचवीन. ज्यांच्या क्रोनोग्राफची बटणे वर्षानुवर्षे दाबलीच जात नाहीत, त्यांनी तीन काट्यांचे साधे घड्याळ घ्यावे, ते पातळही असते आणि देखभालीला सोपेही.

घ्यायचे ठरल्यास काचेची निवड उरते. नीलमणी काचेच्या आवृत्तीत पाठीमागूनही यंत्र दिसते आणि दाबलेले बटण आत कोणती तरफ हलवते ते पाहता येते. शिकण्याची हौस असलेल्याला तिचा मोह होणे स्वाभाविक आहे. मी हेसलाइट निवडली. तिच्यावर ओरखडे लवकर उठतात, परंतु प्लास्टिक चकाकवण्याची मलई मऊ कापडावर घेऊन काही मिनिटे गोलाकार घासली की ते निघतात. जोरदार आघाताने ती फुटलीच तरी तिच्या बारीक कपच्या उडत नाहीत, आणि बंद यानात कपच्या तरंगू नयेत याला महत्त्व होतेच. तिरप्या उजेडातही तबकडी बिनचकाकीची, काळीभोर दिसते आणि मिनिटांचे वर्तुळ एका नजरेत वाचता येते. यंत्राला साधारण ५ ते ८ वर्षांनी तेलपाणी आणि सफाई लागते. क्रोनोग्राफ उघडून पुन्हा जुळवणे हे साध्या घड्याळापेक्षा बरेच किचकट काम असल्याने खर्चही तसाच जास्त येतो. खरेदीचा विचार करताना तो खर्च पहिल्यापासून हिशोबात धरावा, आणि ज्या कारागिराने हेच यंत्र पूर्वी उघडले आहे त्याच्याच हाती घड्याळ द्यावे.